निळ्या ठिपक्याचे सहा बोर्ड

आषाढ अर्धा सरला की आमच्या भोरात ओल भिंतींमधून आत येते. बाहेर पडणारा पाऊस वेगळा. त्याला छत्री आहे, पागोळीखाली ठेवायला बादली आहे. ही ओल मात्र कुणाला विचारत नाही. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी तीनदा ओढली तरी नुसती गुलाची रेघ मागे ठेवते, दाराची फळी फुगून चौकटीत अडते. गेल्या आठवड्यात माझा मोबाईलही बंद पडला. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "आजी, पाणी सांडलं होतं का ह्याच्यावर?"

"नाही रे. उशाशीच असतो."

"मग ओल लागली. हे बघा, हिरवं पडलंय."

त्याने भिंग माझ्या हातात दिलं. तांब्याच्या केसाएवढ्या रेघांच्या कडेला हिरवा बुरा धरला होता. मी तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. दुरुस्तीवाला घाबरला, "पाणी देऊ का?" म्हणाला. त्याला काय सांगणार? हा रंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचे वडीलही शाळेत जात नसतील. विंझरला, एका चहाच्या हॉटेलात, चुलीशेजारी. आणि माझ्या बाजूला सुमन बसली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचं ते दुसरं की तिसरं वर्ष. भोरच्या एसटी स्टँडकडून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याची शेड होती. आधी तिथे धान्याचं गोदाम होतं. कितीही झाडलं तरी फरशीच्या फटीतून जोंधळ्याचे दाणे निघत. पुण्याच्या एका रेडिओ कंपनीने तिथे काम सुरू केलं होतं. तपकिरी रंगाचे, तळहाताएवढे बोर्ड पुण्याहून यायचे. एका बाजूला तांब्याच्या रेघा, दुसऱ्या बाजूने रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर यांचे पाय भोकांतून घालायचे आणि तांब्यावर कथलाने पक्के करायचे. तयार बोर्ड पुण्याला जाऊन डब्यात बसला की त्याचा रेडिओ व्हायचा. आम्ही नऊ जणी होतो. पुण्यात वर्षभराचा रेडिओचा कोर्स केलेली मी एकटी, म्हणून बावीस वर्षांच्या मला त्यांच्यावर नेमलेलं. सगळ्या मला निर्मलाताई म्हणायच्या, माझ्या आईच्या वयाच्या वत्सलाबाईसुद्धा.

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून. त्यांनी मला कामावर जाऊ दिलं ते एका वाक्यावर. "कुणी बोट दाखवील असं काही करू नकोस." तेवढंच म्हणाले आणि छत्री घेऊन कचेरीत गेले. ते वाक्य मी दोन वर्षं पदराच्या गाठीसारखं बाळगलं.

शेडमध्ये शिरलं की राळेचा वास यायचा. आमच्या कथलाच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असे. तापलेलं सोल्डरिंगचं आयर्न टेकवलं की राळ आधी वितळायची, तांब्यावरचा मळ धुऊन काढायची, मग मागून कथील पसरायचं, आणि धुराचा एक निळसर दोरा वर जायचा. नव्या बायकांना मी शिकवायची ते स्वैपाकघरातल्या भाषेत. चांगला सांधा गरम भाकरीवरच्या तुपासारखा पसरतो. वाईट सांधा अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो. वरून धरल्यासारखा दिसतो, खाली धरलेला नसतो. असा सांधा चकाकत नाही, राखेसारखा मळकट राहतो. त्याला आम्ही कोरडा सांधा म्हणायचो. कोरड्या सांध्याचा रेडिओ थापट मारली की बोलतो आणि थापट विसरला की गप्प होतो. आयर्न जास्त वेळ टेकवलं तर तांब्याची रेघच दुधावरच्या सायीसारखी उचलून यायची. कमी टेकवलं तर कोरडा सांधा. या दोन्हींच्या मध्ये एक-दोन सेकंदांची जागा असते. ती जागा मला घड्याळात सापडायची. सुमनला हातात सापडायची.

सुमन भोरजवळच्या एका वाडीतली. माझ्याच वयाची, सातवी शिकलेली. तिच्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हाच गावकीची सगळी कामं सोडून दिली होती आणि दुसऱ्यांच्या शेतावर राबून मुलांना शाळेत घातलं होतं. ती कामाला लागली त्या आठवड्यात ते एकदा शेडपाशी आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. खिडकीच्या गजाला धरून, टेबलाशी बसलेल्या मुलीकडे बघत उभे राहिले. "आमच्या घरात टेबलाशी बसून काम करनारी हीच पयली," मला एवढंच सांगून ते गेले.

कुठलं काम कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येकीने आपल्या बोर्डच्या कोपऱ्यात रंगाचा ठिपका द्यायचा अशी कंपनीची पद्धत होती. वत्सलाबाईंचा लाल, माझ्या तपासणीचा पांढरा. सुमनने निळा मागून घेतला.

मृग लागला त्या सुमारास बॅटरीच्या पट्ट्यांचा नवा माल आला. बॅटरीची दोन टोकं जिथे टेकतात त्या या छोट्या पोलादी पट्ट्या. त्या बोर्डला पक्क्या करण्याचं काम सुमनकडे होतं, कारण ते सगळ्यात अवघड. जुन्या पट्ट्यांवर कथील बसायचं. नव्यांवर बसेना. मोत्यासारखं गोळा होऊन टेबलावर घरंगळायचं. दिवसाला साठ बोर्ड व्हायचे, ते वीसवर आले. पुण्याहून चिठ्ठी आली: उशीर का?

सुमन म्हणाली, "ताई, ह्या पट्ट्या आधी कानशीनं घासल्या आनि बोर्डावर बशिवायच्या आधीच त्यास्नी सुटं कथील चढिवलं, तर राळंवरबी धरत्यात. म्या दोन करून बघितल्या. पर येळ लागंल."

"वेळच तर नाहीये," मी म्हटलं.

बाजारात पत्र्याचे डबे, घमेली झाळणारा एक कारागीर बसायचा. तो पोलादावर कथील कसं चढवतो हे मी पाहिलं होतं. त्याच्याकडून मी मलमाचा एक डबा आणला. मलम पिवळट, नाकाला झोंबणारं; नवसागर आणि आम्ल घालून केलेलं. देताना तो म्हणाला, "काम झालं की पान्यानं सोच्छ धुवा बरं का. न्हाईतर खातंय." मी हो म्हटलं. बोर्ड पाण्यात कसे बुचकळायचे? फडक्याने पुसले की झालं, असं मी मनाशी ठरवलं. डबा सुमनच्या टेबलावर ठेवला. तिने वास घेऊन नाक मुरडलं.

"ताई, ह्ये नको वाटतंय."

"दहा-बारा दिवसांचं काम आहे. पुढच्या पट्ट्या चांगल्या येतील."

मलम लावलं की कथील पोलादावर असं पळायचं की बघत राहावं. दिवसाला साठचे सत्तर बोर्ड झाले. बारा दिवसांनी चांगल्या पट्ट्या आल्या, डबा मी कपाटात मागे सारला. पुण्याहून दुसरी चिठ्ठी आली, त्यात शाबासकी होती. ती मी वडिलांना दाखवली.

मग आषाढ लागला. नदी गढूळ होऊन घाटाच्या पायऱ्या गिळत वर आली. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की आम्ही खुणांनी बोलायचो. आणि एका मंगळवारी पुण्याचे साहेब जीपने आले. त्यांनी रुमाल सोडून सहा बोर्ड टेबलावर मांडले. सहाही मुके होते. सहाही बोर्डांच्या कोपऱ्यात निळा ठिपका होता.

"हे फक्त परत आलेले," साहेब म्हणाले. "खेड्यांतून तक्रारी येतायत त्या वेगळ्याच. आमच्याकडे पुण्यात सुरू होते म्हणून पाठवले, महिन्याभरात बंद. कंपनी म्हणते, भोरचं काम बंद करा." त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

सुमन उभी राहिली.

"हाताला वळण नसेल तर असल्या बारीक कामाला बसू नये. कोरडे सांधे असणार सगळे."

वत्सलाबाई पाठीमागून पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "मी पहिल्यापासून सांगत होते. ज्याचं काम त्यानं करावं." शेडमध्ये पाण्याचा माठ एकच होता आणि सुमन त्यातलं पाणी घेत असे. वत्सलाबाई घरून तांब्या आणत. ते सगळं त्या एका वाक्यात होतं आणि आम्हा सगळ्यांना कळलं.

सुमनने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. ताईला ठाऊक आहे, ताई आता बोलेल, एवढंच होतं. मला त्या क्षणी मलमाचा डबा आठवला नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. मी कित्येक वर्षं स्वतःला तसं सांगितलंही. खरं असं की डबा आठवला, आणि लगेच दुसरं मन म्हणालं, मलमामुळेच झालं हे कुठे ठरलंय? आधी दोष सापडू दे.

"शनिवारपर्यंत वेळ द्या," मी साहेबांना म्हटलं. "दोष शोधते."

"शोधा. शनिवारी मी येतो. तोवर ह्या बाईंना सोल्डरिंगला बसवू नका."

सुमनने टेबल आवरलं. आयर्न विझवून त्याचं टोक ओल्या फडक्याला पुसलं. चर्र आवाज आला. मी तिला म्हटलं, "शोधायला मला तू लागशील." ती हो म्हणाली. एवढंच.

बुधवारी आम्ही सहा बोर्ड घेऊन बसलो. दोष शोधण्याची एक रीत असते, ती घाईच्या माणसाला जमत नाही. आधी नुसतं बघायचं. एखादा तुकडा उलटा बसलाय का, दोन रेघांच्या मधला बांध फुटून कथील इकडून तिकडे वाहिलंय का, कुठला सांधा मळकट आहे का. मग लाकडी काडीने एकेक तुकडा हळूच हलवायचा आणि कान स्पीकरला द्यायचे. मग एकेक सांधा पुन्हा गरम करायचा. सुमन बघत होती, मी काडी फिरवत होते. कोरडा सांधा एकही सापडला नाही. तिचे सगळे सांधे तुपासारखे पसरलेले होते. तरी आम्ही सहाही बोर्डांचे सगळे सांधे नव्याने तापवले. दुपारी तीनच्या सुमाराला पहिला बोर्ड खरखरला आणि बोलला. मग दुसरा. पाचपर्यंत सहाही बोलायला लागले. बायका टेबलाभोवती गोळा झाल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला: म्हणजे कोरडेच सांधे होते, दिसले नाहीत एवढंच. म्हणजे माझं काही नाही.

सुमन तेवढी हसली नाही. "का बोलाय लागलं त्ये कळलं न्हाई, ताई," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी कपाट उघडलं. सहाही बोर्ड मुके.

सांधे एका रात्रीत कोरडे होत नाहीत. रात्री कपाटात फक्त एक गोष्ट आत गेली होती, ती म्हणजे ओल.

साहेबांनी ठेवलेल्या तक्रारींच्या यादीत सगळ्यात जवळचा पत्ता विंझरचा होता. आम्ही दोघी एसटीने निघालो. नसरापूरला गाडी बदलली. वेल्ह्याच्या गाडीत खिडक्यांचे पडदे पावसाने फडफडत होते, माणसांच्या घोंगड्यांचा ओला वास कोंडला होता. बाहेर खाचरांतून भाताची लावणी चाललेली. इरली पाठीवर घेतलेल्या बायका कासवांसारख्या वाकलेल्या. गड ढगात. सुमन खिडकीशी बसली होती. नसरापूर सोडल्यावर बराच वेळ गेला आणि ती बाहेर बघतच म्हणाली, "मलमाचं असंल का, ताई?"

मी म्हटलं, "बघू."

एवढ्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

विंझरच्या थांब्यापाशी कोंडाबाई म्हणून एक बाई चहाचं हॉटेल चालवायच्या. हॉटेल म्हणजे कुडाच्या तीन भिंती, एक चूल, दोन बाकडी. रेडिओ फळीवर होता, त्यावर क्रोशाचं झाकण. आम्ही कुठून आलो ते सांगताच त्या उसळल्या. "आलात व्हय? लई दिसांनी आलात! अवो, ह्यो रेडिओ हाय का सासरा? चूल पेटली की बोलतोय. चूल इझली की रुसतोय. सकाळच्या बातम्याला लोक हितं बसत्यात अन् ह्यो मुका."

सुमनने आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

"आत्ता चूल कधी पेटवली?" मी विचारलं.

"ह्ये काय, आत्ताच. लाकडं वली हायती, धूरच लई."

मी रेडिओ सुरू केला. काहीच नाही. सुमनने तो खाली घेतला, मागचं झाकण काढलं आणि चुलीपासून हातभर अंतरावर धरला. कोंडाबाईंनी फुंकणीने जाळ केला. धुराने आमचे डोळे पाझरत होते. बाकड्यावर दोन-तीन गावकरी येऊन बसले होते. पाच मिनिटं गेली असतील. आधी डास गुणगुणल्यासारखं झालं, मग खरखर, आणि मग एकदम, अगदी स्वच्छ, खतांची माहिती सांगणारा माणूस बोलायला लागला.

"बगा!" कोंडाबाई म्हणाल्या. "म्या खोटं सांगत हुते का?"

मी पिशवीतून भिंग काढलं. बॅटरीच्या पोलादी पट्टीपाशी, जिथे मलम लावलं होतं, तिथून शेवाळासारखा हिरवा बुरा निघाला होता आणि शेजारच्या तांब्याच्या रेघेपर्यंत पोचला होता. मलम पुसलं होतं, धुतलं नव्हतं. जे उरलं ते हवेतली ओल ओढून घेत होतं, ओलं झालं की वीज नको त्या वाटेने पळवत होतं, आणि रोज थोडंथोडं तांबं खात होतं. चुलीच्या उबेने वाळलं की रेडिओ बोलायचा. पुण्याच्या कोरड्या खोलीत बोलायचा. काल आमच्या तापलेल्या आयर्नखाली बोलला. ज्या सांध्यांवर आम्ही बोट ठेवलं ते सगळे निर्दोष होते.

मी भिंग सुमनला दिलं. तिने पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग भिंग फडक्याने पुसून मला परत दिलं. कोंडाबाईंनी चहा दिला. "गावली का खोड?" त्यांनी विचारलं.

"गावली," सुमन म्हणाली. "शनवारनंतर नवा बोर्ड बशिवतो. तवर चुलीपाशीच ठिवा."

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो आणि दोघींच्या मध्ये ती पिशवी होती.

शुक्रवारी मी उरलासुरला संशय फेडला. खरं तर मुदत वाढवली. आयर्नच्या उबेने बोलता केलेला मलमाचा एक बोर्ड आणि राळेचा एक बोर्ड उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर जाळीत ठेवले. मलमाचा पाच मिनिटांत गप्प झाला, राळेचा बोलत राहिला. मग मुका झालेला बोर्ड स्पिरिटने आणि दाताच्या ब्रशने खरडून धुतला, उन्हं नव्हतीच तेव्हा दिव्याखाली वाळवला, पुन्हा वाफेवर धरला. बोलत राहिला. आता शंकेला जागा नव्हती. तरी मी तो दिवस कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी घरी वडील वर्तमानपत्र वाचत होते. मी दोनदा त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले आणि दोनदा स्वैपाकघरात परत आले.

शनिवारी साहेब आले तेव्हा पाऊस पत्रा फोडायला निघाला होता. मी धुतलेला आणि न धुतलेला असे दोन्ही बोर्ड दाखवले, पातेल्याचा प्रयोग करून दाखवला, भिंग दिलं. ते हुशार होते, लगेच कळलं त्यांना.

"हे पत्र्याच्या कामाचं मलम आहे," ते ओरडून म्हणाले, कारण पावसात ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "रेडिओला हे कुणी लावतं का! म्हणजे ह्या बाईंनी परस्पर मलम वापरलं." आणि त्यांनी सुमनकडे मान वळवली. वत्सलाबाईंनी मान हलवली. इतर बायका आपापल्या टेबलाकडे बघू लागल्या.

वाट मोकळी होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. शेड वाचली असती, माझी जागा वाचली असती, वडिलांचं वाक्य वाचलं असतं. सुमन या वेळी माझ्याकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती, एसटीच्या खिडकीतून बघत होती तशी. मंगळवारी तिने माझी वाट पाहिली होती. आता ती वाट पाहत नव्हती. ते मला सोसलं नाही.

"मलम मी आणलं," मी म्हटलं.

"काय?" साहेबांनी कानाला हात लावला.

एकदा बोलणंच जिवावर आलं होतं. आता तेच पुन्हा, मोठ्याने, सगळ्या जणींसमोर.

"मलम मी आणलं!" मी ओरडले. "बाजारातून. मी तिला लावायला लावलं. ती नको म्हणत होती. पट्ट्या घासून घ्यायची तिची रीत बरोबर होती, मी ऐकली नाही. डबा त्या कपाटात आहे."

साहेबांनी स्वतः कपाट उघडून डबा काढला. झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा बंद केलं. मग खुर्चीवर बसून बराच वेळ काही लिहीत राहिले. शेवटी मला म्हणाले, "तुम्ही मंगळवारीच हे सांगायला हवं होतं." मला वाटलं होतं ते घरी जा म्हणतील. ते म्हणाले, सोमवारपासून तुम्ही इतरांसारख्या टेबलाशी बसा. तपासणी सुमनबाई करतील. पट्ट्या त्या सांगतील तशा बसवायच्या. त्या बारा दिवसांतले सगळे बोर्ड परत मागवून धुवायचे. ते झालं आणि महिनाभर तक्रार आली नाही, तर शेड चालेल.

साहेब गेल्यावर मी मागच्या मोरीत हात धुवायला गेले. हात स्वच्छ होते, तरी धूत राहिले. सुमन मागे येऊन उभी राहिली.

"बोललात त्ये बरं केलंत, ताई."

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि रडणं हा माझा हक्क नाही हेही कळत होतं.

"पर एक सांगू का? मंगळवारी म्या घरी सांगितलं. बा जेवला न्हाई. बुधवारी पहाटं उठून निघाला हुता, साहेबाच्या पाया पडाया पुन्याला. धर्म घेतल्यापासनं कुनाम्होरं वाकला न्हवता. म्या वाट अडवून हुबी ऱ्हायले म्हनून थांबला. चार दिस लई व्हत्यात, ताई."

मी त्या संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "त्या मुलीच्या वडिलांना भेटून ये," म्हणाले. मी रविवारी गेले. तिच्या वडिलांनी बसायला घोंगडी अंथरली, चहा पाजला, पावसापाण्याचं बोलले. मी माफी मागितली तेव्हा ते मध्येच म्हणाले, "पोरगी सांगत हुती, इंझरचा रेडिओ चुलीपाशी बोलायचा. खरं का?" आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्यात त्यांच्या मुलीने काय केलं, ते दोनदा.

कोंडाबाईंच्या रेडिओत आम्ही नवा बोर्ड बसवला. श्रावणभर परत आलेले बोर्ड धूत होतो. स्पिरिटने बोटांची सालं निघाली. महिन्यात तक्रार आली नाही. शेड पुढे बरीच वर्षं चालली. माझं लग्न होऊन मी सातारला गेले, परत आले तेव्हाही सुमन तिथेच होती, तिच्या हाताखाली वीस बायका होत्या. आता त्या जागी मंगल कार्यालयाच्या गाड्या उभ्या राहतात. वत्सलाबाईंनी तांब्या आणणं कधी बंद केलं का, हे मला नीट आठवत नाही. केलं असेल असं लिहावंसं वाटतं, पण आठवत नाही.

आठवतो तो सोमवार. तपासणीचं टेबल खिडकीशी होतं, मी दोन वर्षं बसले ते. तिथे सुमन बसली होती. मी आपला पहिला बोर्ड घेऊन रांगेत उभी राहिले, माझ्या पुढे वत्सलाबाई होत्या. त्यांचा बोर्ड तिने पाहिला आणि पांढरा ठिपका देऊन बाजूला ठेवला. मग माझा घेतला. उजेडाकडे धरला, तिरका केला, भिंगाखाली एकेक सांधा पाहत गेली. बाहेर पाऊस चालूच होता. किती वेळ गेला कोण जाणे, मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या. तिने काडीच्या टोकाने एका सांध्यावर टेकवलं. मळकट होता. आयर्न माझ्याकडून लवकर उचललं गेलं होतं.

"ह्यो परत करा, ताई."

तिच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. मी बोर्ड घेऊन टेबलाशी गेले, आयर्न टेकवलं, कथील वितळून पसरेपर्यंत मनात मोजलं, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.